पाव इंच म्हणजे दोन सूत

नमस्कार बाई,

माझी मुलगी पाचवीत आहे. मी घरी शिवणकाम करते, ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश. मिस्टर एमआयडीसीत कामाला आहेत. चौथीपर्यंत मुलगी गणितात कधी अडली नाही. पण गेले तीन आठवडे वर्गात अपूर्णांक चाललेत आणि तिच्या वहीत जेमतेम दीड पान लिहिलेलं आहे. विचारलं की म्हणते, "आज कागदाच्या घड्या घातल्या," नाहीतर "आज सर भाकरी घेऊन आले होते." शेजारची मुलगी नवोदयच्या क्लासला जाते, ती तिरकस गुणाकार करून मिनिटात उत्तर काढते. परवा मी हिला विचारलं, १/४ मोठा की १/८? ती म्हणाली, १/८, कारण आठ मोठे. मला राग आला आणि मी तिला एक चापट मारली. तेव्हापासून ती माझ्यासमोर गणिताची वहीच काढत नाही. माझं स्वतःचं गणित दहावीत राहिलं होतं, त्यामुळे फार भीती वाटते. सरांची तक्रार मुख्याध्यापकांकडे करू का? क्लास लावू का? की शाळाच बदलू?

एक आई

ताई,

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तक्रार करू नका. शाळा बदलू नका. क्लास आत्ता लावू नका, दिवाळीनंतर बघू, आणि का ते पुढे सांगते. तुमच्या लेकीच्या वर्गात जे चाललंय ते मला फार आवडलं. पत्र वाचताना वाटून गेलं, की असे सर मला माझ्या पाचवीत मिळायला हवे होते.

पण सगळ्यात आधी ती चापट. आज रात्री तिला जवळ घ्या आणि "त्या दिवशी माझं चुकलं" एवढंच म्हणा. "पण तूही नीट लक्ष दे" असं शेपूट त्याला जोडू नका. वही तिने लपवली आहे ती गणिताला घाबरून नाही, तुम्हाला घाबरून. ही भीती लवकर निघाली तर निघते. मुरली की ती गणिताचीच भीती होते, आणि मग पुढे कुणाच्याही हाताने निघत नाही. तुमच्याही मनात अशीच कुणाची तरी चापट किंवा कुणाचा तरी शब्द अजून बसलेला असेल. "माझं दहावीत राहिलं होतं" हे तुम्ही इतक्या वर्षांनी एका अनोळखी बाईला लिहिलंत, त्यावरून मला तसं वाटलं.

आणि ती चुकली ती निष्काळजीपणाने नाही. पहिलीपासून आपण सगळ्यांनी मिळून तिला शिकवलं की आठ हे चारापेक्षा मोठे. चार वर्षं तो नियम एकदाही खोटा ठरला नाही. आठ पेरू चार पेरूंपेक्षा जास्त, आठ रुपये चार रुपयांपेक्षा जास्त. आता अचानक तोच आठ रेषेच्या खाली जाऊन बसला आणि हिस्सा लहान झाला. पोरीने आजवर जे खरं मानलं त्याच्या बळावर उत्तर दिलं. पाचवीतल्या बहुतेक मुलांची पहिली चूक हीच असते. सर तीन आठवडे घड्या घालून घेताहेत ते हीच चूक मुळातून काढायला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी अपूर्णांक चार दिवसांत उरकत असे. फळ्यावर अंश, छेद, समच्छेद, भिन्नच्छेद यांच्या व्याख्या, खाली नियम, त्याखाली वीस उदाहरणं. वह्या भरत, पालक खूश, तपासणीला आलेले साहेबही खूश. एका वर्षी चाचणीत १/२ + १/३ दिलं आणि निम्म्याहून जास्त वर्गाने २/५ लिहिलं. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. त्यात एक सुताराचा मुलगा होता, हाताने हुशार, वडिलांबरोबर दारं-खिडक्या करायला जायचा. मी त्याला जवळ बोलावलं. म्हटलं, "अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी भाकरीचा तिसरा हिस्सा खाल्लास. सगळं मिळून अर्धीपेक्षा जास्त झालं की कमी?" तो लगेच म्हणाला, "जास्त." मी विचारलं, "आणि तू लिहिलेले दोन पंचमांश? भाकरीचे पाच तुकडे करून दोन घेतले तर?" त्याने बोटांवर बघितलं. "अर्धीला कमी." "मग हे बरोबर कसं?" तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, भाकरीचं वेगळं. हे गणितातलं आहे."

त्या वाक्याने मी त्या रात्री झोपले नाही. त्याच्या लेखी भाकरी एका गावात राहत होती आणि गणित दुसऱ्या, आणि मधला रस्ता मी कधी काढलाच नव्हता. पुढच्या वर्षापासून मी वर्गात कागद, दोरा, भाकरी, मिळेल ते नेऊ लागले. तेव्हाही पालक विचारायला आले होते, वही कोरी का म्हणून. तुमच्या पत्रातला शब्दन् शब्द मी तेव्हा ऐकला आहे.

आता घड्यांत नेमकं काय होतं ते बघा. एक कागद घ्या, मधोमध घडी घाला. दोन भाग. एक भाग रंगवा, तो १/२. रंगवलेला कागद पुन्हा घडी करून आणखी एकदा दुमडा आणि उघडा. आता चार भाग, त्यातले दोन रंगलेले, म्हणजे २/४. पुन्हा दुमडा, आठातले चार, ४/८. रंग तेवढाच आहे, तुकड्यांची संख्या वाढत गेली. पुस्तकात याला सममूल्य अपूर्णांक म्हणतात. दुसरं, घडी वाढेल तसा एकेक तुकडा बारीक होत जातो, हे पोरगी डोळ्यांनी बघते. १/८ हा १/४ पेक्षा लहान हे तिला कुणी सांगावं लागत नाही. ती अजून तिथे पोचली नव्हती, एवढंच. किंवा कागदावर पोचली होती आणि तुम्ही तोंडी विचारल्यावर जुना नियम वर आला. दोन्ही होतं.

तीन भागांचा कागद थोडा अवघड. पाकिटात पत्र घालताना दुमडतो तसा. तीन उभे भाग झाले की तोच कागद आडवा मधोमध दुमडा. उघडल्यावर सहा चौकटी दिसतील. अर्धा कागद म्हणजे तीन चौकटी, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. दोन्ही मिळून पाच. १/२ + १/३ = ५/६. समच्छेद करणं म्हणजे दोघांना एकाच मापाच्या चौकटीत आणणं, याहून वेगळं काही नाही. माझ्या त्या सुताराच्या मुलाला हे आधी मिळालं असतं तर!

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या लिहिण्याचा अर्थ असा, की मला गणित येत नाही. ताई, मला हे मान्य नाही. छातीचं माप ३३ आलं तर तुम्ही खडूने किती इंचांवर खूण करता? सव्वाआठ, वर शिलाई आणि ढिलाईचं वेगळं. ३४ ला साडेआठ, ३५ ला पावणेनऊ, ३६ ला नऊ. कागद लागत नाही, कॅल्क्युलेटर लागत नाही, सुईत दोरा ओवता ओवता सांगता. हा चौथा हिस्सा काढणं म्हणजे ३५ ला ४ ने भागून उत्तर अपूर्णांकात देणं. पाचवीच्या वर्गात हे उदाहरण दिलं तर निम्मी मुलं "भागाकार ८, बाकी ३" लिहून थांबतात. त्या उरलेल्या तिनाचेही चार वाटे होतात आणि ते पाऊण होतात, हे तुमच्या हाताला माहीत आहे.

आणि चौथाच हिस्सा का घेता? कारण कापड घडीवर असतं. पाठ घडीवर, पुढचा भाग घडीवर, म्हणून पूर्ण घेराच्या चौथ्या भागावर एक खूण केली की अख्खं माप मिळतं. लेक वर्गात कागद चौघडी करते आणि तुम्ही कापड. तुम्ही दोघी गेले तीन आठवडे एकच काम करत होतात, एक शाळेत आणि एक मशीनवर, आणि एकमेकींना सांगितलं नाहीत.

तुमचा टेप काढा. साठ इंची टेप, तोच. एका इंचात आठ बारीक घरं असतात, एकेका घराला तुम्ही सूत म्हणता. सुतारही म्हणतात, लोहारही म्हणतात. उद्या दुपारी काम कमी असताना लेकीला टेप द्या आणि म्हणा, "मला शिवायला मदत कर, एक सूत दाखव." ती घर मोजेल. "आता पाव इंच दाखव." दोन सूत. मग तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही! १/४ मोठा की १/८, हे शब्द तुमच्या तोंडून आता महिनाभर यायला नकोत. ती स्वतःच बघेल, की एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आणि पाव इंचात तशी दोन बसतात. बघितलं की बोलेल. नाही बोलली तरी चालेल.

दोन-चार दिवसांनी पुढचं. "अर्धा इंच दुमडायचाय, त्यावर पाव इंच शिलाई, किती कापड सोडू?" चार सूत आणि दोन सूत, सहा सूत. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. हे १/२ + १/४ = ३/४ आहे आणि यात तिने अर्ध्यालाही सुतात आणलं, पावालाही सुतात आणलं, मग बेरीज केली. समच्छेद केला. नंतर सर फळ्यावर ४/८ + २/८ लिहितील तेव्हा तिला टेप दिसेल. तिला दिसला पाहिजे एवढंच बघा, समच्छेद हा शब्द तुम्ही वापरायची गरज नाही, तो सरांवर सोडा.

टेप उलटा केला की दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर आहेत. तिथे एका घराचे दहा भाग. पाचवीच्या याच पुस्तकात अपूर्णांकांनंतर काही धड्यांनी दशांश अपूर्णांक येतात, तेव्हा ही बाजू लागेल. पाऊण मीटर म्हणजे ७५ सेंटिमीटर आणि तेच ०.७५ मीटर. गणवेशाचं कापड दुकानातून आणताना तिला बरोबर न्या, मोजून घ्यायला सांगा. अपूर्णांक आणि दशांश हे दोन वेगळे विषय आहेत असं सहावी-सातवीतल्या मुलांनाही वाटत असतं. एकाच पट्टीच्या दोन बाजू हातात खेळलेल्या मुलीला तसं वाटणार नाही.

इथे थोडं आडवळण घेते, मनात फार आहे म्हणून. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. हे शब्द तुमच्या बोलण्यात आहेत, तिच्या बोलण्यात आहेत का ते बघा. माझी नात घड्याळ बघून "सात पंचेचाळीस" म्हणते, पावणेआठ म्हटलं की तिला क्षणभर थांबावं लागतं. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे. औट म्हणजे साडेतीन. औट घटकेचं राज्य म्हणतो ना, ते साडेतीन घटकांचं. घटका २४ मिनिटांची, म्हणजे दीड तासही न टिकणारं राज्य. रुपया सोळा आण्यांचा, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी. सगळा बाजारच अर्ध्याने आणि पावाने चालायचा, त्यामुळे ते पाढे रोजच्या पोटापाण्याचे होते. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि औटकीचं काम संपलं. ती गेली याचं मला वाईट वाटत नाही. पण शब्द जायला नको होते, कारण त्या शब्दांतच गणित शिवून ठेवलंय. पाऊण म्हणजे पाव उणे, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे पावासकट. अडीच म्हणजे मुळात अर्धा तिसरा, दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. पावणेआठ म्हणताना मूल आठातून पाव वजा करत असतं, त्याला कळो न कळो.

आणि त्यातच एक प्रश्न दडलेला आहे, जो मी पाचवीच्या प्रत्येक वर्गाला विचारत आले: कशाचा पाव? पावणेआठ वाजले म्हणजे पंधरा मिनिटं कमी, कारण पाव तासाचा. पाव किलो मेथीदाणे म्हणजे २५० ग्रॅम. पाव इंच म्हणजे दोन सूत. पावणेदोनशे रुपये म्हणजे १७५, कारण इथला पाव शंभराचा आहे. मुलांना विचारून बघा, पावणेदोनशे म्हणजे किती. "एकशे नव्व्याण्णव आणि पाऊण" असं सांगणारं मूल मला दरवर्षी एक तरी भेटलं, आणि मी त्याला शाबासकी द्यायचे, कारण त्याने शब्द फोडून बघितलेला असायचा. मग वर्ग मिळून शोधायचा, पाव कशाचा. अपूर्णांक कधीच एकटा नसतो, तो कशाचा तरी असतो. लहान पोळीची अर्धी मोठ्या भाकरीच्या पावापेक्षा लहान असू शकते. हे ज्याला पक्कं कळलं त्याचं पुढचं टक्केवारीचं, व्याजाचं, गुणोत्तराचं सगळं सोपं जातं. घरी स्वयंपाक करताना, भाजी आणताना, घड्याळ बघताना तुम्हाला दिवसातून दहा वेळा हे विचारता येईल. अभ्यास म्हणून बसवून नाही, चालता चालता.

आता क्लासचं. नवोदयची परीक्षा पाचवीतली मुलं देतात, सहावीच्या प्रवेशासाठी. दोन तासांत ऐंशी प्रश्न, शंभर गुण. त्यात अंकगणिताचे वीस प्रश्न, पंचवीस गुणांचे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. एवढ्या वेळात उत्तर काढायचं म्हणून क्लासवाले तिरकस गुणाकार शिकवतात, आणि त्यात गैर काही नाही. २/३ मोठा की ३/५? तिरकस गुणलं की एका बाजूला १०, दुसऱ्या बाजूला ९, म्हणून २/३ मोठा. बरोबर आहे. पण ते १० आणि ९ कशाचे? पंधराव्या हिश्शांचे. २/३ म्हणजे १०/१५ आणि ३/५ म्हणजे ९/१५. घड्या घातलेल्या मुलीला हे एका वाक्यात पटतं. न घातलेलीला तो जादूटोणा राहतो, आणि मग ती तोच तिरकस गुणाकार बेरजेलाही लावते, भलतीकडेच लावते. दरवर्षी बघितलंय मी हे.

शिवाय परीक्षेतही समज जास्त वेगाने धावते. समजा प्रश्न आला, १/२ + १/३ बरोबर किती, आणि पर्याय दिलेत २/५, १/६, २/६, ५/६. तुमच्या लेकीला एक अक्षर लिहावं लागणार नाही. अर्ध्यात काहीतरी मिळवलंय, म्हणजे उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं हवं. चारांत अर्ध्यापेक्षा मोठा एकच आहे, ५/६. दीड मिनिटाच्या जागी दोन सेकंद. म्हणून म्हणते, हे तीन आठवडे वाया गेलेले नाहीत. दिवाळीनंतर तिला स्वतःला परीक्षेची हौस वाटली आणि तुम्हाला फी झेपत असेल, तर सरावासाठी क्लास लावा. शेजारची मुलगी पुढे गेली म्हणून नको. आणि त्या मुलीला आपल्या लेकीसमोर उदाहरण करून उभं करू नका, त्या दोघी मैत्रिणी असतील तर ती मैत्रीही जाते.

सरांच्या बाजूने मी एवढं बोलले, तरी एका गोष्टीत तुमची काळजी रास्त आहे. घडीवरून आकड्यावर उतरावंच लागतं. तीन आठवडे कागद आणि भाकरी झाली असेल, तर आता वहीत उदाहरणं यायला हवीत, रोज पाच-सहा तरी. नुसत्या घड्यांवर थांबलं तर मूल परीक्षेच्या कागदासमोर गांगरतं, कारण तिथे दुमडायला काही नसतं. आणि पाढे. पाढे पाठ हवेतच, त्यात माझी सवलत नाही. सात आठे छपन्न म्हणायला जिला थांबावं लागतं तिला समच्छेद करताना छेद शोधण्यातच सगळी शक्ती जाते, मग अपूर्णांकाकडे बघायला डोकं उरत नाही. रोज संध्याकाळी दिवा लावला की दोन पाढे, तुम्ही शिवता शिवता ऐका.

म्हणून सरांना भेटा, तक्रार घेऊन नको. शनिवारी सकाळची शाळा सुटते तेव्हा पाच मिनिटं मागा, लेकीला बाहेर खेळायला पाठवून. पहिलं वाक्य असं असू द्या: "घड्यांचं ती घरी येऊन सांगते, मला आवडलं." खोटं बोलू नका, आधी घरी कागद दुमडून बघा, आवडेल तुम्हाला. मग विचारा, वहीतली उदाहरणं कधीपासून घेणार, आणि ती वर्गात कुठे अडते. तुमचा टेपचा उद्योगही सांगा. चांगला शिक्षक असेल तर म्हणेल, ताई, एक दिवस टेप घेऊन वर्गात या. बोलावलं तर जा. माझ्या वर्गात एकदा त्याच सुताराला मी बोलावलं होतं, त्या मुलाच्या वडिलांना. गुण्या आणि पट्टी घेऊन आले, कोपऱ्यात संकोचून उभे राहिले, आणि अर्ध्या तासाने मुलं त्यांना सोडेनात. मुलगा पहिल्या बाकावर बसून बघत होता.

"आज शाळेत काय शिकवलं?" हा प्रश्नही जरा बदला. त्याचं उत्तर सगळ्या घरांत सारखंच येतं: काही नाही. दिवसभरात सहा-सात तास बसलेल्या मुलाला एवढ्या मोठ्या प्रश्नाचं टोक सापडत नाही. त्याऐवजी म्हणा, "सरांनी भाकरीचे किती तुकडे केले? कुणाला मिळाले?" नाहीतर, "तो तीन भागांचा कागद मला जमत नाही, दाखव बरं." तुम्हाला खरंच जमणार नाही पहिल्यांदा, तिसरा भाग कमी-जास्त होतो. तिला तुमचा कागद सरळ करू द्या. ज्या दिवशी ती तुम्हाला शिकवायला बसेल त्या दिवशी वही आपोआप बाहेर येईल.

शेवटी तिच्यासाठी एक गणित पाठवते. हे भास्कराचार्यांचं आहे, लीलावतीतलं, ११५० सालच्या सुमाराचं. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला असं त्यात कोरलंय. म्हणजे खानदेशात आठशे वर्षांपूर्वी पोरं बसून हेच गणित सोडवत असणार. माझ्या शब्दांत सांगते.

भुंग्यांचा एक थवा होता. त्यातला पाचवा हिस्सा कदंबाच्या फुलांवर गेला. तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर. या दोन हिश्शांमध्ये जेवढा फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांवर गेले. एकच भुंगा उरला, केवड्याचा वास यावा की मालतीचा, कुठे जावं ते न कळून मधेच घिरट्या घालत. तर थव्यात भुंगे किती?

बीजगणित नको, क्ष मानायचा नाही. चिंचोके घ्या, मूठभर, आणि दोघी जमिनीवर बसा. पाच सारखे वाटे पडले पाहिजेत आणि तीनही सारखे वाटे पडले पाहिजेत, एवढीच सूचना द्या, तीही ती अडली तरच. पहिल्यांदा तिने दहा चिंचोके घेतले तर घेऊ द्या. पाच वाटे छान पडतील, तीन पाडताना हातात एक उरेल. तिला तो उरलेला चिंचोका बघत बसू द्या, तुम्ही बोलू नका. उत्तर मी इथे लिहीत नाही. सापडलं की तिच्या अक्षरात मला पाठवायला सांगा, कसं काढलं तेही लिहून.